जुन्या पॅकचा चुकीचा टक्का: गेजला पुन्हा शिकवताना केलेली नोंद

पडद्यावर ३१ टक्के दिसत असताना लॅपटॉप बंद पडतो आणि ॲडॉप्टर लावून सुरू केला की तीच बॅटरी ४ टक्के सांगते, हा अनुभव जुने पॅक वापरणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. अशा वेळी ‘सेल गेले’ असा निकाल देऊन पॅक भंगारात जातो. सेल थकलेले असतातच. परंतु थकलेला सेल आणि त्या सेलविषयी गेजची, म्हणजे पॅकमधल्या चार्ज मोजणाऱ्या चिपची, कालबाह्य झालेली समजूत हे दोन निराळे दोष आहेत आणि त्यांतला दुसरा दुरुस्त होऊ शकतो, असे मला वाटत होते. कोथरूडमधल्या घरी सहा आठवडे केलेली ही तपासणी त्यासाठीच होती.

पॅक १८६५० आकाराच्या सहा सेलचा आहे. दोन-दोन सेल समांतर आणि अशा तीन जोड्या एकसर जोडलेल्या असून छापील क्षमता ४४०० मिलिअँपिअर-तास आहे. आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाने एसएमबस या दोन तारांच्या संवादमार्गावरून गेजची रजिस्टरे (आकडे साठवणारे कप्पे) वाचली, तेव्हा पूर्ण क्षमता ४०६० आणि चार्जची चक्रे २१२ दिसली. ४०६० खरे मानले, तर ३१ टक्क्यांवर बंद पडेपर्यंत पॅकने सुमारे २८०० मिलिअँपिअर-तास दिले होते. या आकड्यावरून प्रश्न नेमका झाला: गेज मोजण्यात चुकते आहे, की ज्याने भागायचे तो आकडाच चुकीचा आहे?

मोजणीपासून सुरुवात केली. तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांचा डिस्चार्ज लोड ८८० मिलिअँपिअरवर स्थिर ठेवला आणि ९.० व्होल्टला थांबायचे ठरवले. पॅक लॅपटॉपबाहेर असला की आउटपुट बंद ठेवतो, म्हणून ‘सिस्टिम प्रेझेंट’ पिन ऋण टोकाला जोडावी लागली. जानेवारीतल्या पहाटे, गॅलरीत १३ अंश तापमान असताना पहिली चाचणी घेतली आणि २६१० हा आकडा पाहून मी धास्तावलो. तीच चाचणी दुपारी २९ अंशांना घेतली, तेव्हा २९४० मिळाले. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे व्होल्टेज लवकर खाली येते आणि आत चार्ज शिल्लक असतानाच चाचणी संपते. म्हणून तापमान न लिहिलेला क्षमतेचा आकडा मी यापुढे नोंदवहीत घेणार नाही.

दुपारच्या चाचणीत गेजची स्वतःची मोजणी २९१० होती, म्हणजे माझ्या मीटरपेक्षा जेमतेम एक टक्का कमी. मोजणीत दोष नव्हता. शंटवरील (प्रवाह मोजण्यासाठी मार्गात ठेवलेल्या अगदी लहान रोधावरील) मोजणीत सूक्ष्म विचलन असेल, तर ते साचत जाते: १० मिलिओहमच्या शंटवर १० मायक्रोव्होल्टची चूक म्हणजे १ मिलिअँपिअर, आणि दिवसाला २४ मिलिअँपिअर-तास. इथे तसे काही आढळले नाही. चुकीचा होता तो ४०६० हा भाजक.

तो इतका जुना का राहिला, याचे उत्तर वापरण्याच्या पद्धतीत होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या इम्पिडन्स ट्रॅक पद्धतीत गेज विश्रांतीतल्या (प्रवाह जवळजवळ बंद असतानाच्या) व्होल्टेजवरून सेलची स्थिती ओळखते. व्होल्टेजचा बदल सेकंदाला ४ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी झाला की ते विश्रांती मानते; अशा दोन नोंदींच्या दरम्यान साधारण ३७ टक्के चार्ज वाहिला, तरच एकूण क्षमता नव्याने काढते. मधल्या पट्ट्यात व्होल्टेजची रेषा सपाट असते आणि काही मिलिव्होल्टच्या फरकाने टक्क्यांचा अंदाज बराच ढळतो, म्हणून तिथल्या नोंदी ते नाकारते. माझा लॅपटॉप दोन वर्षे जवळजवळ सतत ॲडॉप्टरवर होता. शिकण्याची संधी गेजला मिळालीच नव्हती.

शिकवण्याचा क्रम असा ठेवला: पूर्ण चार्ज, पॅक बाहेर काढून दोन तास विश्रांती, ८८० मिलिअँपिअरने ९.० व्होल्टपर्यंत डिस्चार्ज, पाच तास विश्रांती आणि पुन्हा चार्ज. डिस्चार्ज चालू असताना मी खोलीतून हललो नाही आणि पॅक फरशीवर मोकळ्या जागी ठेवला. पहिल्या चक्रानंतर क्षमता ३८६० झाली, दुसऱ्यानंतर ३६६५. घट फार अपुरी वाटली आणि दोन दिवस मी वायरिंगमध्ये चूक शोधत बसलो. पुढे ३४८०, ३३१०, ३१४०, २९८५ असे आकडे आले, तेव्हा ध्यानात आले की प्रत्येक पायरी जवळपास पाच टक्क्यांची आहे. काही चिप एका वेळी क्षमतेत किती बदल स्वीकारायचा यावर मर्यादा घालतात आणि ही चिपही तसेच करत असावी. सातव्या चक्रानंतर आकडा २९३० वर स्थिरावला. एका चक्रावर थांबणाऱ्याला ही पद्धत निरुपयोगी वाटेल, म्हणून सातही आकडे लिहिले आहेत. रजिस्टरमध्ये नवा आकडा लिहून गेज ‘रीसेट’ करण्याची वाट मी टाळली, कारण त्यामुळे एका चुकीच्या भाजकाच्या जागी दुसरा भाजक येतो, सेलविषयी मात्र काहीच कळत नाही.

आता लॅपटॉप ७ टक्क्यांना इशारा देतो आणि ४ टक्क्यांना स्वतःहून झोपतो. तरीही १४ वरून ६ टक्के होण्यास काही मिनिटेच लागतात. डिस्चार्जच्या अखेरीस जोड्या वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा दोन ३.२२ आणि ३.१९ व्होल्टवर होत्या, तिसरी मात्र २.५९ वर. २.२ अँपिअरचा भार एकदम लावला की निरोगी जोडीचे व्होल्टेज ०.११ ने पडते, तिसरीचे ०.१९ ने; म्हणजे ५० आणि ८६ मिलिओहम. शेवटची उतरंड या जोडीमुळे आहे आणि तिला शिकवणी लागू पडत नाही. तिचे सेल बदलण्याचा मोह मी आवरला आहे, कारण सेल काढताना चिपचा वीजपुरवठा तुटला, तर अनेक पॅक कायमचे लॉक होतात. या जोडीचा रोध दर महिन्याला दुपारच्या तापमानात मोजायचा आहे. ८६ हा त्या रकान्यातला पहिला आकडा.