ती झणझण

"या जाड तारेची झणझण तेवढी काढता का?"

टोकियोतल्या दुकानातले म्हातारे काका हसले. "तो बिघाड नाही. सावारी आहे."

जुन्या बाजारात ४,००० येनला मिळालेलं शामिसेन, म्हणजे तीन तारांचं जपानी वाद्य. खरं कातडं चढवायचं तर वाद्यापेक्षा खर्च मोठा, म्हणून कृत्रिम घेतलं. (मांजराचं तसंही नकोच होतं.) तारा नायलॉनच्या.

आणि मी पैसे देऊन नेमकी झणझण घालवायला निघालो होतो! वरच्या टोकाची धातूची पट्टी फक्त दोन तारांखाली असते. पहिली, जाड तार मुद्दाम दांडीला घासू देतात. त्या झणझणीलाच सावारी म्हणतात.

घरी मिरजेचा तंबोरा. जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणझण, लागेपर्यंत आजी घोडीवरचा दोरा सरकवत बसायची. तरी मला कळू नये?

सावारी, जवारी. नावं जुळतात हा योगायोगच असावा.

आता पातळ भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना हे कसं पटवू?