कडेचा दीड मिलिमीटर

क्राइस्टचर्चमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये फक्त प्लास्टिकचं काम चालतं. मशीनची गार्ड, दुकानांच्या पाट्या, नायलॉनचे बुश, असं काहीबाही. भोसरीत होते तेव्हा लेथवर लोखंड कापलं, इथे आल्यापासून अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. जॉब हलका झाला, पण प्लास्टिक लोखंडापेक्षा जास्त मानी असतं. उष्णता लागली, चुकीचं रसायन लागलं की लगेच दिसत नाही, नंतर तडकतं.

एका शुक्रवारी सकाळी साठीतले एक गृहस्थ खोकं घेऊन आले. आत पॉलिकार्बोनेटच्या कोऱ्या चकत्या होत्या, सात इंची, दीड मिलिमीटर जाडीच्या. ते घरी गॅरेजमध्ये रेकॉर्ड कापतात, म्हणजे कोऱ्या चकतीवर सुईने आवाजाची खाच कोरतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटलटनला एका बँडचा कार्यक्रम होता आणि तिथे 20 रेकॉर्ड पोचवायच्या होत्या. नमुन्याला कापलेल्यांची सुरुवातच बिघडली होती. सुई टेकवली की टकटक व्हायची, कधी बाहेर घसरायची.

“कडा तेवढ्या पॉलिश करून द्याल का?” त्यांनी विचारलं.

आमच्या भागात या कामाला परंपरा आहे. पीटर किंग यांनी इथेच, कँटरबरीत, 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिकार्बोनेटवर एकेक रेकॉर्ड कापून द्यायला सुरुवात केली. हजार प्रती छापणं ज्यांना परवडत नव्हतं, त्या बँडना वीस-पन्नास प्रती मिळू लागल्या. माझ्या मते रेकॉर्डच्या धंद्यातली ही मोठी गोष्ट आहे, आणि म्हणून असं काम आलं की मी ते आधी हातात घेते.

कडेचं महत्त्व नीट समजायचं तर स्टुडिओतली पद्धत आठवावी लागते. तिथे अ‍ॅल्युमिनियमवर लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर मास्टर, म्हणजे प्रती छापायची मूळ रेकॉर्ड, कापतात, पण बारा इंची रेकॉर्डसाठी चकती घेतात चौदा इंची. लॅकर कडेला थोडं जाड होऊन थांबतं, म्हणून ती कड कामात धरतच नाहीत. घरी कापणाऱ्याला हे जास्तीचं बोट मिळत नाही. त्याची चकती हीच रेकॉर्ड. सात इंचीचा पहिला आवाज कडेपासून साधारण साडेतीन मिलिमीटर आत सुरू होतो, आणि सुईला आत नेणारी मोकळी खाच तेवढ्याच जागेत बसवायची. शिवाय मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगावर बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर पृष्ठभाग जातो, आत लेबलजवळ 25 च्या आसपास. म्हणजे सगळ्यात स्वच्छ आवाज बाहेरच्या बाजूला, कडेला चिकटून.

चकती उजेडात धरली आणि कारण दिसलं. ती लेझरने कापली होती. अ‍ॅक्रिलिकला लेझर छान काचेसारखी कड देतो, पण पॉलिकार्बोनेट जळतं. कड तपकिरी, वर काजळी, आणि संरक्षक फिल्म वितळून तिथेच चिकटलेली. एकदम सपाट अशा सरफेस प्लेटवर ठेवून उंची मोजणारा डायल लावला तर वितळून साचलेला काठ ठिकठिकाणी 0.1 मिलिमीटर वर आलेला. रेकॉर्डची खाच जेमतेम 0.025 मिलिमीटर खोल असते. चकती अशा वर आलेल्या काठावर टेकली की कापणारी सुई एका जागी खोल जाणार, दुसऱ्या जागी नुसती खरवडणार. टकटक तिथली होती.

पॉलिश करून हे निघालं नसतं, आणि तेच त्यांना पटवायचं होतं. मी ऑफिसमधल्या संगणकाचा पडदा पांढरा केला, चकती त्याच्यापुढे धरली आणि मालकांचा पोलराइज्ड गॉगल त्यांच्या हातात दिला. मधल्या भागात शीटचे नेहमीचे फिकट पट्टे होते. कडेला मात्र इंद्रधनुष्याचे रंग दाटीने गोळा झाले होते. तो सगळा उष्णतेने आत अडकलेला ताण. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “काजळी जावी म्हणून काही चकत्यांना मी अ‍ॅसिटोन लावलं.”

त्या चकत्या वेगळ्या काढल्या. भिंगाखाली कडेपासून आत गेलेल्या केसासारख्या चिरा दिसत होत्या, काही दोन मिलिमीटरच्याही पुढे गेलेल्या. ताणलेल्या पॉलिकार्बोनेटला अ‍ॅसिटोन म्हणजे विषच. त्या चकत्या वाचणार नव्हत्या. ज्वालेने कड चकचकीत करू का, असं शेजारच्या बेंचवरच्या सहकाऱ्याने विचारलं. नाही. अ‍ॅक्रिलिकला ते चालतं. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा धरून ठेवतं, ज्वाला लागली की बुडबुडे येतात, आणि ताण आणखी वाढतो.

वर्नियर लावल्यावर मात्र बरं वाटलं. व्यास 178 मिलिमीटर. त्यांनी ऑर्डर देताना सात इंच म्हणून सांगितलं होतं आणि कापणाऱ्याने सात इंच शब्दशः मोजून दिले होते. खरी सात इंची रेकॉर्ड साधारण 175 मिलिमीटरची असते. म्हणजे चारी बाजूंनी दीड मिलिमीटर काढायला मिळत होता, आणि जळका, ताणलेला भाग त्याच्या आतच संपत होता. ज्यांना अ‍ॅसिटोन लागलं नव्हतं अशा 22 चकत्या भरत होत्या, हव्या होत्या त्याहून दोनच जास्त.

फिल्म काढली नाही, फक्त चिकटलेला काठ आधी ब्लेडने साफ केला. मधल्या भोकातून पिन घालून चकत्यांची थप्पी लावली, दोन्ही बाजूंना एमडीएफची जाड ताटं दिली आणि लेथच्या टेलस्टॉकने, म्हणजे मागच्या टेकूने, दाबून धरली. भोक धरूनच कड फिरते, म्हणून काठ आपोआप भोकाशी एककेंद्री येतो. टूल नव्याने धार लावलेलं, कट बारीक. तेल किंवा कूलंट अजिबात नाही, कारण काही कूलंट पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतात. गारव्याला नुसती हवा. कीस लांबच लांब फितीसारखा निघतो आणि जॉबभोवती गुंडाळतो, म्हणून व्हॅक्युमचा पाइप टूलपाशीच धरून ठेवायला लागला. तपकिरी कीस हळूहळू पिवळट झाला, मग पांढरा. पांढरा झाल्यावरही व्यास 175 होईपर्यंत थांबले नाही.

खरं काम थप्पी सुटल्यावर असतं. प्रत्येक चकतीच्या दोन्ही कोपऱ्यांवर सूक्ष्म बर, म्हणजे कापताना उरलेली खरबरीत धार, राहते. मी हॅकसॉ ब्लेडची पाठ सानेवर चौकोनी करून ठेवली आहे, तिने 0.2 मिलिमीटरचा चॅम्फर मारते, म्हणजे कोपरा तिरका तासते. हात नेहमी पृष्ठभागाकडून बाहेर न्यायचा, आत नेला तर फिल्म उचकटते आणि कीस खाली शिरतो. मग 600 आणि 1000 नंबरचा पेपर, पाण्याखाली. शेवटी काठावरून कापूस फिरवायचा. धागा अडकला तिथे बर आहे. बोटाला जे कळत नाही ते कापसाला कळतं.

गॉगल पुन्हा मागून घेतला. कडेचे रंग गेले होते, मधले पट्टेच काठापर्यंत सरळ आले होते.

संध्याकाळी चकत्या पोचवायला मीच गेले. गॅरेजमध्ये रेकॉर्ड कापायचं 1940 च्या दशकातलं प्रेस्टो यंत्र होतं, वर हिऱ्याची सुई. फिल्म काढली की चकती धूळ खेचते, म्हणून ती अगदी शेवटी, एका हिसक्यात काढायला सांगितली. सुई कडेपाशी टेकली, कापलेला धागा न तुटता व्हॅक्युममध्ये जात राहिला. वाजवून पाहिली. सुई आपणहून आत आली आणि गिटारचा पहिला स्वर पूर्ण ऐकू आला. तो ऐकताना मला झालेला आनंद मी लपवला नाही.

पुढच्या शीटचं जॉबकार्ड तिथेच लिहिलं: राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशीनवर) 178, लेथवर 175, चॅम्फर 0.2, लेझर नको, अ‍ॅसिटोन नको. आता त्यांना दहा इंची हवी आहे, तीही एक मिलिमीटर जाडीच्या शीटमधून. एवढं पातळ शीट त्या व्यासाला टूलखाली फडफडतं. थप्पीत दर चार चकत्यांमागे एक जाड चकती घालून ते थांबतं का, हे येत्या आठवड्यात करून बघणार आहे.