आमची वाटचाल : आधी कानात, मग विक्रीला

आमच्या दोघींपैकी एकीला मातीतलं कळतं, दुसरीला दागिन्यातलं. मी पहिली. चाकावर कप, फुलदाण्या करायचे, तेही हौसेखातर. मैत्रीण ते हातात घेऊन बघायची, छान झालंय म्हणायची आणि लगेच विचारायची, "पण अंगावर घालता येईल असं काही कर ना!" तिला लांब कानातल्यांचा भारी सोस आणि कानाच्या पाळ्या मात्र नाजूक. त्या दोन गोष्टींच्या भांडणातून आमचा मातीच्या दागिन्यांचा व्यवसाय उभा राहिला, असं म्हटलं तर फारसं खोटं ठरणार नाही.

भांडी करणाऱ्याचा हात जाड असतो. भिंत जरा जाड राहिली तरी कपाचं काही बिघडत नाही. कानातल्याचं तसं नसतं. ४ सेंटिमीटर व्यासाची चकती ३ मिलिमीटर जाडीची ठेवली तर भाजून सुमारे ९ ग्रॅम भरते. तीच २ मिलिमीटरची केली की ६ च्या आत येते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण संध्याकाळपर्यंत कान दुखणार की नाही हे त्यावरच ठरतं. म्हणून पहिला नियम मैत्रिणीनेच घातला: नवीन नमुना तिने दिवसभर कानात घालून घरकाम, फोन, प्रवास सगळं करायचं. कुठे टोचलं, ओढलं, केसांत अडकलं, तर तो नमुना बाद. माझ्या कितीतरी लाडक्या नमुन्यांना तिने असं घरी बसवलंय. तेव्हा राग यायचा, आता येत नाही असंही नाही.

पातळ माती आपल्या मर्जीने वागते. लाटलेली पोळी एका बाजूने आधी सुकली की कडा वर उचलतात, आणि भट्टीत गेल्यावर तो बाक पक्का होतो. त्यामुळे आमच्या चकत्या दोन फळ्यांच्या मध्ये, कापड घालून, सावकाश सुकतात. माती अर्धवट घट्ट झाली की भोकं पाडायची. भोक हवं त्यापेक्षा मोठंच ठेवावं लागतं, कारण माती आकसते आणि वरून ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आत उतरून ते आणखी बुजवतं. आम्ही वापरतो त्या स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारखी घट्ट होणाऱ्या, मातीत ओल्यापासून पक्क्यापर्यंत साधारण १२ टक्के आकुंचन होतं. कानातल्यात ते खपून जातं, अंगठीत नाही. आतून १७ मिलिमीटरची अंगठी हवी असेल तर ओली असताना ती १९ च्या थोडी वर करावी लागते, आणि एवढं करूनही भट्टी थोडीफार इकडेतिकडे करतेच. शिवाय अंगठी टेबलावर, दारावर आपटत राहते. म्हणून अंगठ्या आम्ही बंद केल्या. अजून विचारणा होते, पण आमचं उत्तर तेच.

भट्टी विजेवरची आणि लहान आहे. तिच्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन टाकून घेतली. घरी भट्टी घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी रंगांच्या बाटल्यांआधी हा खर्च धरावा. पहिलं भाजणं १००० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्यात माती कडक होते, पण सच्छिद्र राहते, म्हणून ग्लेझ शोषून घेते. दुसरं १२२० च्या पुढे, ज्यात ग्लेझ वितळून काच होते. वितळलेली काच ज्याला टेकेल त्याला चिकटते, हा दागिने करणाऱ्यांचा खरा डोकेदुखीचा भाग. कपाचा तळ कोरा ठेवून तो फळीवर ठेवता येतो, पण मण्याला तळच नसतो. मणी उष्णता सोसणाऱ्या खास तारांवर ओवून अधांतरी टांगायचे. इतक्या आचेला त्या तारासुद्धा मऊ पडून वाकतात, म्हणून एका तारेवर मोजकेच मणी. चकत्यांची मागची बाजू आम्ही कोरी ठेवतो आणि घासून गुळगुळीत करतो. त्वचेला ती लागते, आणि मागून खरखरीत असलेलं कानातलं कोणी दुसऱ्यांदा घेत नाही.

हे घासणं नेहमी पाण्यात. मातीच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होतात. घर आणि कारखाना एकाच छताखाली असताना यात हयगय चालत नाही. आमच्या खोलीत झाडू नाही, फक्त ओलं फडकं. भट्टी चालू असताना त्या खोलीत कोणी बसत नाही आणि खिडकी उघडी असते. घरच्यांना सुरुवातीला हे सगळं सोवळंओवळं वाटलं.

रंगांत सगळ्यात जास्त मागणी लालभडकला, आणि तोच सगळ्यात अवघड. तांब्यापासून लाल मिळतो, पण त्यासाठी भट्टीतला प्राणवायू कमी करावा लागतो. विजेच्या साध्या भट्टीत तेच तांबं हिरवं उतरतं. म्हणून लालसाठी तयार रंगद्रव्य विकत आणतो. निळ्याचं तसं नाही, कोबाल्ट ऑक्साइड १ टक्का टाकलं तरी भरपूर होतं. मला स्वतःला तांब्याचा निळसर हिरवाच आवडतो. हडप्पा संस्कृतीतले आणि प्राचीन इजिप्तमधले फेयॉन्सचे, म्हणजे गारेच्या भुकटीपासून भाजून केलेले चकचकीत, मणी त्याच तांब्याच्या रंगाचे. ग्राहकांना हे सांगितलं की ऐकतात आणि लालच मागतात.

सोनेरी काठाची हौस मैत्रिणीची. त्यासाठी तिसऱ्यांदा, कमी आचेवर भाजावं लागतं, आणि तो थर घासून घासून उडतो. कानात तो टिकतो. सतत कपड्यावर घासणाऱ्या पेंडंटच्या कडेला आम्ही तो लावत नाही, मग कितीही गळ घाला.

हूक निवडायला आम्हाला मातीपेक्षा जास्त वेळ लागला. कान चिघळतो तो बहुतेकदा निकेलमुळे. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं, पण मिश्रधातूत घट्ट बसलेलं असल्याने फार थोडं बाहेर येतं. तरीही ज्यांना निकेलचा त्रास आहे त्यांना आम्ही टायटेनियमचे हूक सुचवतो आणि ऑर्डर घेतानाच तसं विचारतो. हूक आणि डबी यांचा खर्च मातीच्या खर्चाच्या वर जातो. माती स्वस्त, वेळ महाग. किंमत ठरवताना आम्ही आधी तास मोजतो, त्यात फुटकं-वाकडं जाईल ते धरतो आणि मग सामान. न भाजलेली माती भिजवून पुन्हा मळता येते, एकदा भाजलेली कायमची गेली.

दोन कानांची जोडी जुळवणं हेही वेळखाऊ. भट्टीत वर आणि खाली आच थोडी वेगळी असते, त्यामुळे एकच ग्लेझ दोन छटांचं होतं. जोडीतली दोन्ही कानातली आम्ही शेजारीशेजारी ठेवून भाजतो, आणि जादा नग करून नंतर दिवसाउजेडी जोड्या लावतो. हे काम मैत्रिणीचं. तिच्या डोळ्यातून काही सुटत नाही.

मैत्री आणि पैसा एकत्र नांदावेत म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं: दोघींनी आपापले तास वहीत मांडायचे, त्या तासांचा मेहनताना आधी, उरलेला नफा निम्मानिम्मा. भट्टी माझी, म्हणून तिच्या झिजेचे पैसे वेगळे धरले. लोकांना हे कोरडं वाटतं. आम्हाला मात्र यामुळे भांडायला फक्त नमुने उरले आहेत.

मोठी भट्टी घ्या, माणसं ठेवा, असा सल्ला वरचेवर मिळतो. तूर्त विचार नाही. भट्टी भरायला, तापायला आणि निवायला जितका वेळ लागतो, तितकाच आम्हाला जोड्या लावायला आणि डब्या भरायला लागतो, आणि ही गती दोघींच्या घरांना झेपते. गरम भट्टी घाईने उघडली तर थंड हवेचा धक्का बसून नग तडकतात. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे बारीक कण, आकार बदलतं, तिथे तर जास्तच जपावं लागतं. त्यामुळे "उद्याच हवंय" या ऑर्डरी आम्ही शांतपणे नाकारतो.

सध्या बटणांवर काम चालू आहे. एका ग्राहकाने कानातल्यांना जुळणारी बटणं मागितली होती. मैत्रिणीने स्वतःच्या शर्टाला ती शिवली आहेत आणि शर्ट प्रत्येक धुण्यात मशीनमध्ये जातो. कडा थोडी जाड करावी लागेल असं दिसतंय.