कुठल्या पानावर सोडलंस? पेटीची वही, दुसरं वर्ष

जूनमध्ये पुस्तकांवरच्या वयाच्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या. हिरवी चिठ्ठी बारा-तेरा वर्षांसाठी, निळी चौदा-पंधरा, लाल सोळाच्या पुढे, अशी माझी पद्धत होती आणि मागच्या वर्षीच्या नोंदींत ती मी तुम्हालाही सुचवली होती. ती सूचना मागे घेते. वर्षभरात ज्या पुस्तकांनी मुलांना खरोखर धरून ठेवलं, त्यातली बरीचशी चिठ्ठीला न जुमानता गेलेली होती.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. बडोद्याला दांडिया बाजारात आमचा जुना वाडा आहे. दर रविवारी सकाळी दहाला ओसरीवर मी पत्र्याची पेटी उघडते. पेटीत फक्त फँटसी कादंबऱ्या. सुरुवातीला १९ होत्या, आज ६३ आहेत. नियमानं येणारी मुलं अकरा, सहावी ते दहावीतली. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. पुस्तक नेताना वहीत नाव आणि तारीख लिहायची, परत देताना माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एवढाच नियम.

पहिल्या वर्षी तो प्रश्न "आवडलं का?" असा होता. त्यावर सगळी मुलं "हो काकू" म्हणतात आणि चपला घालतात. आता मी विचारते, "कुठल्या पानावर सोडलंस?" सोडलं असेलच असं धरून विचारलं की मुलाला संकोच राहत नाही. ज्यानं पूर्ण वाचलंय तो उसळून सांगतो की मी सोडलंच नाही. आणि ज्यानं सोडलंय तो पान सांगतो. पुढचं पुस्तक कुठलं द्यायचं, ते मला त्या पानावर सापडतं.

टोल्किनचं 'द हॉबिट' घ्या. १९३७ सालचं पुस्तक, पेटीत इंग्रजी आणि मराठी अशा दोन प्रती. चार मुलांनी नेलं, चौघांनी पहिल्याच प्रकरणात सोडलं. मी वहीत "भाषा जड" असं लिहून मोकळी झाले होते. या वर्षी आठवीतल्या एका मुलानं पुस्तक उघडून मला पानच दाखवलं. कथानायक बिल्बोच्या दाराची घंटा वाजते, एक बुटका आत येतो, मग दुसरा, मग दोघं, मग पाच, मग आणखी चार आणि त्यांच्यासोबत जादूगार गँडाल्फ. ड्वालिन, बालिन, कीली, फीली, डोरी, नोरी, ओरी, ओइन, ग्लोइन. मुलानं मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं ही यादी केली होती, नऊ नावांपर्यंत. "काकू, पुढे लक्षातच राहिना." छापलेलं प्रत्येक नाव उद्या कुणीतरी विचारणार, या सवयीनं तो वाचत होता. मी म्हटलं, "लग्नघरात पाहुणे उतरतात तेव्हा तू सगळ्यांची नावं पाठ करतोस का? ज्याच्याशी काम पडेल त्याचं नाव आपोआप कळतं. थोरिन कोण आणि जाडा बॉम्बुर कोण, एवढं ध्यानात आलं तरी पुढे जा." दोन आठवड्यांनी पुस्तक पूर्ण करून आला. भाषा त्याला कधीच जड नव्हती.

तेव्हापासून 'हॉबिट' द्यायच्या आधी मी पाचवं प्रकरण मोठ्यानं वाचते. डोंगराच्या पोटात, काळोखात, पाण्याच्या काठी बिल्बो आणि तिथे राहणारा गॉलम एकमेकांना कोडी घालतात आणि हरलं तर बिल्बोचा जीव जाणार असतो. आपल्या मुलांना आजीकडून कोडी ऐकायची सवय थोडी तरी आहे, त्यामुळे ओसरीवर लगेच चढाओढ लागते. डोंगर, दात, अंधार, अंडं, ही उत्तरं मुलं देतातच. शेवटी गॉलम असं कोडं घालतो ज्याचं उत्तर वेळ आहे. बिल्बोला सुचत नाही, तो घाबरून आणखी वेळ मागायला जातो आणि तोंडातून नुसतं "वेळ! वेळ!" एवढंच फुटतं. तेच उत्तर असतं. मराठीत ही जागा जशीच्या तशी उतरते. हे वाचलं त्या रविवारी दोन्ही प्रती एकदम गेल्या आणि तिसऱ्या मुलीनं वहीत आपला नंबर लावून ठेवला.

भाषेचं एक निरीक्षण स्वतंत्रपणे नोंदवते, कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच ते उपयोगी पडेल. इथली मुलं मराठी अस्खलित बोलतात पण वाचताना अडखळतात, आणि अडखळणं त्यांना लाजिरवाणं वाटतं. अशा मुलाला अनोळखी मराठी कादंबरी दिली की गोष्ट आणि लिपी दोन्हींशी एकदम झुंजावं लागतं. म्हणून इंग्रजीत पाठ असलेलं पुस्तक मी आधी मराठीत देते. 'हॅरी पॉटर आणि परीस' त्यासाठी उत्तम. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे डोळे न थांबता पळतात. सातवीतल्या एका मुलीनं "परीस म्हणजे काय" असं घरी विचारलं, आजीनं लोखंडाचं सोनं करणाऱ्या दगडाची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या रविवारी ती मला सांगत होती की इंग्रजी नावापेक्षा हेच नाव लवकर कळतं. ती आता 'स्वामी मुद्रिकांचा'चा पहिला भाग वाचते आहे. टोल्किनच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं मुग्धा कर्णिकांनी केलेलं हे भाषांतर मी धीटपणे पंधराच्या आतल्या मुलांना देते, अट एकच: आधी 'हॉबिट' झालेलं हवं.

आता उंबरठ्याबद्दल. मुलांनी सोडलेली पानं वहीत एकाखाली एक लिहिली तेव्हा दिसलं की पुष्कळ मुलं दुसऱ्या जगात शिरतानाच अडतात. काहींना आपल्या जगातून तिकडे नेणारं दार हवं असतं. सी. एस. लुईसच्या नार्नियातलं कपाट तसं आहे: कोट बाजूला सारत जायचं, पायाखाली बर्फ लागतं. काहींना जादू इथेच, आपल्या शहरात हवी असते. रोशनी चोक्शीच्या 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम'मध्ये अटलांटाच्या संग्रहालयात बारा वर्षांची आरू दिवा लावते आणि महाभारत जागं होतं. हे २०१८चं पुस्तक इथे चांगलं चालतं, पण ज्या घरात कीर्तनाला जायची रीत आहे तिथली मुलं हुज्जत घालतात की पांडवांचं असं नव्हतं. ती हुज्जत मला आवडते, त्यातून दोन मुलांनी महाभारत पुन्हा उघडलं. आणि थोडी मुलं अशी असतात ज्यांना दार नकोच असतं. पहिल्या ओळीपासून ती तिथलीच होतात. त्यांच्यासाठी अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. माझ्या मते पेटीतलं सर्वांत मोलाचं पुस्तक.

ते १९६८ साली आलं. बेटांचं जग, तिथे प्रत्येक वस्तूला एक खरं नाव, आणि ते नाव ज्याला कळलं त्याची तिच्यावर सत्ता. गेड नावाचा शेळ्या राखणारा मुलगा रोक बेटावर विद्या शिकायला जातो आणि एका मुलावर कुरघोडी करण्याच्या नादात मृतांच्या जगातून काहीतरी ओढून आणतो. त्याबरोबर एक सावली सुटते आणि त्याच्या मागे लागते. ले ग्विननं गेडला तांबूस तपकिरी वर्णाचा केलंय, त्याचा मित्र व्हेच तर चांगला काळासावळा आहे. नववीतल्या एका मुलीनं हे मला वाक्यावर बोट ठेवून दाखवलं. तिनं तोवर वाचलेल्या सगळ्या जादूगारांना ती मनात गोरं रंगवत आली होती, आणि इथे थांबून आधीचं सगळं पुन्हा रंगवावं लागलं, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "काकू, तो पळायचं सोडून उलटा सावलीच्याच मागे का लागतो?" मी उत्तर दिलं नाही. तिनं ते पुस्तक दुसऱ्यांदा नेलं. वहीत तिच्या नावापुढे पान नाही, फक्त दोन तारखा आहेत.

या मुलीचं नाव निळ्या चिठ्ठीखाली होतं आणि पुस्तक लाल चिठ्ठीचं. चिठ्ठ्या काढायचं मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

उलट बाजूची चूकही माझ्या हातून झाली आहे, ती लपवणार नाही. सहावीतल्या एका मुलाला राक्षस आवडतात म्हणून मी घरातला एक मराठी भयकथासंग्रह दिला. आठवडाभर तो दिवा लावून झोपला. त्याची आई पुस्तक परत द्यायला आली तेव्हा रागावली नव्हती, पण थकलेली दिसत होती. मी माफी मागितली. त्या मुलाला हवा होता तो हरवता येईल असा राक्षस, आणि भयकथेतलं संकट बहुतेक वेळा गोष्ट संपल्यावरही घरात राहतं. त्याला मग टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' दिलं. नऊ वर्षांची टिफनी हातात तवा घेऊन परीराणीच्या राज्यात आपल्या धाकट्या भावाला सोडवायला जाते. तवा ऐकूनच तो हसला. प्रॅचेटचं इंग्रजी, विशेषतः त्यातल्या निळ्या बुटक्यांची बोली, त्याला झेपत नव्हती, म्हणून त्याचा मोठा भाऊ त्याला वाचून दाखवत होता. हे मी सुचवलं नव्हतं.

दहावीच्या मुलींसाठी डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कासल' राखून ठेवा. तीन बहिणींतली थोरली सोफी, थोरल्याच्या वाट्याला अपयशच येतं अशी तिची समजूत, आणि चेटकीण तिला म्हातारी करून टाकते. म्हातारी झाल्यावर ती कुणाला भीत नाही. घरातल्या थोरल्या लेकींना हे कसं लागतं ते मी दोनदा पाहिलंय. फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स'ही चालतं, तिथे प्रत्येक माणसासोबत त्याचा प्राणिरूप आत्मा असतो आणि वयात येताना तो कायमचा एका रूपात स्थिरावतो. त्यावर तेरा-चौदा वर्षांची मुलं तासभर बोलतात.

दिवाळीच्या सुमारास एका मुलाचे वडील ओसरीवर आले. शांत, सरळ माणूस. म्हणाले, "ताई, वाचतोय याचा आनंद आहे. पण हे खरं नाही ते वाचून उपयोग काय?" मी आत जाऊन 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' आणलं. सलमान रश्दींनी १९९० साली आपल्या मुलासाठी लिहिलेलं हे पुस्तक, आणि त्यात हारून आपल्या गोष्टी सांगणाऱ्या बापाला हाच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नानंतर बापाची वाचाच जाते आणि पुढचं सगळं पुस्तक ती परत आणण्यासाठी आहे. "तुम्ही आधी वाचा, मग मुलाला द्या," असं मी म्हटलं. यातली नावं आपल्या मुलांना टिपेशिवाय कळतात: गप आणि चूप अशी दोन राज्यं, खत्तम-शुद नावाचा दुष्ट, कहानी नावाचा चंद्र. बाप-लेकांनी एकाच आठवड्यात आळीपाळीनं वाचलं. वहीत पहिल्यांदाच एका पुस्तकापुढे दोन सह्या आहेत. नंतर त्यांनीच विचारलं की गोष्टींचा समुद्र म्हणजे आपला 'कथासरित्सागर' का. हो, तोच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं रचलेला. वेताळ पंचविशी त्यातच आहे. आता मी त्यातल्या निवडक गोष्टी 'हारून'नंतर लगेच देते.

पेटीची कल्पना माझी नाही, हे लिहायचं राहून जातं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं, वाचनालयांचं जाळं विणलं, आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. डिसेंबरच्या सुट्टीत मी पाच मुलांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन गेले. पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या जमिनी तिथे काचेच्या आहेत, वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडावा म्हणून. वरून कुणी चालत गेलं की खाली पावलांची सावली सरकते. 'अर्थसी' दोनदा नेलेली मुलगी मान वर करून ती सावली जाईपर्यंत बघत उभी राहिली.

यंदाची अडचण: मुळातून मराठीत लिहिलेली, किशोरांना देता येईल अशी मोठी फँटसी कादंबरी मला हवी तितकी सापडत नाही. भा. रा. भागवत माझे आवडते, पण ते मुख्यतः साहस आणि विज्ञान यांचे; त्यांनी मराठीत आणलेलं ज्यूल व्हर्नचं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' मी मागणाऱ्याला देते आणि ते वेगळ्या गावचं आहे हेही सांगते. तुमच्याकडे नावं असतील तर कळवा. 'हॉबिट'ची यादी करणाऱ्या त्या आठवीतल्या मुलानं फेब्रुवारीत हट्टच धरला की भाषांतर नको. मी कपाटातून नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी काढली, माझ्या आजेसासऱ्यांची प्रत, शिवण सुटलेली. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, हे आधीच सांगितलं. त्यानं पहिलं पान तिथेच ओसरीवर बसून वाचलं, ओठ हलवत. मग वर्तमानपत्राचं कव्हर घालून मागितलं.

परवा सूरसागर तलावाच्या काठी दिसला. मी काही विचारायच्या आत सायकलवरूनच ओरडला, "काकू, एकशे बारा!"