अण्णांची वही आणि शेऱ्याचा रकाना

आमच्या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. अण्णांनी ती १९८९ साली सुरू केली. लालबागला मिरची कांडायला येणारं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच यायचं, ऐन उन्हाळ्यात. कोणाला बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे भाजून की नुसते उन्हं दाखवून, दगडफूल चालतं की नाही, हे पुढच्या वर्षी परत विचारावं लागू नये म्हणून ती वही. चाळी पडल्या, टॉवर आले, आमची गिऱ्हाइकं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. वही मात्र गल्ल्याशेजारीच राहिली.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं आणि फोन वाजत होता. मी ती वही कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली, दीड महिना बसले. नाव, पत्ता, फोन, मसाला, प्रमाण, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. आज त्यात १,६४० घरं आहेत. धंदा आता अर्ध्याहून जास्त ऑनलाइन आहे, आणि तो त्या यादीवरच उभा आहे.

गेल्या वर्षी आईच्या बाबतीत जे झालं, त्यानंतर मी ती यादी वेगळ्या नजरेने बघायला लागले. आईने एका लॅबमध्ये रक्त तपासायला दिलं. काउंटरवरच्या मुलीने टॅब पुढे केला, ‘आजी, इथे बोट लावा,’ म्हणाली. आईने लावलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणाऱ्याला आईचं नाव, वय आणि तिची तीन महिन्यांची सरासरी शुगर दशांशासकट माहीत होती. एवढं माहीत आहे म्हणजे डॉक्टरांकडचाच माणूस, असं तिला वाटलं. त्याने सांगितलेल्या चूर्णाचे ३,२०० रुपये तिने भरले आणि दोन आठवडे स्वतःची गोळी बंद ठेवली. मला कळलं ते ती मोरीत चक्कर येऊन बसली तेव्हा. लॅबवाल्यांना जाऊन विचारलं, तर ‘तुम्ही संमती दिली आहे’ म्हणाले.

म्हणून मी डेटा प्रोटेक्शनचा कायदा वाचायला घेतला. तो ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि धंदेवाल्यांना बहुतेक तरतुदी पाळायला दीड वर्षाची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे. त्यात संमतीची व्याख्या अगदी स्पष्ट आहे. ती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी, आणि त्या कामाला लागते तेवढ्याच माहितीपुरती हवी. कायद्यातच उदाहरण दिलंय: फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी नंबरांपुरती ती संमती धरलीच जाणार नाही, कारण सल्ला द्यायला ते लागत नाहीत. दिलेली संमती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. आणि संमती मागताना द्यायची ही सगळी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत मागता येते. म्हणजे आईला ती मराठीत वाचायला मिळायला हवी.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. माहिती नीट सांभाळली नाही तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. तो जातो सरकारी तिजोरीत. जिचं नुकसान झालं, तिला या कायद्याखाली एक रुपयाही मिळत नाही. उलट, आधीच्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यातलं नुकसानभरपाईचं कलम, ४३-ए, हा नवा कायदा काढूनच टाकतो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचं नाव मुंबईत ९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीमुळे घरोघरी माहीत आहे. त्यांच्याच समितीने २०१८ साली या विषयावर पहिला मसुदा दिला होता आणि त्यात भरपाईची तरतूद होती. ती गळली. आईसारख्या बाईने तक्रार करायची, पुरावे गोळा करायचे, या कायद्याच्या नव्या मंडळापुढे जायचं, आणि हातात काय, तर समोरच्याला दंड झाल्याचं समाधान. हे चुकलंय, आणि ग्राहक संघटनांनी ते लावून धरायला हवं.

पण वाचता वाचता मी एका ओळीपाशी थांबले. कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, आणि कागदावर घेऊन नंतर कॉम्प्युटरवर चढवलेल्या माहितीलाही. अण्णांच्या वहीला तो लागू नव्हता. माझ्या त्या दीड महिन्याच्या कामाला लागू होता.

त्या रात्री मी शीट उघडली आणि फक्त शेऱ्याचा रकाना वाचला. ‘सुनेला सातवा, डिंक-अळीव जुलैत.’ ‘ह्यांना अल्सर, तिखट निम्मं.’ ‘घर विकतायत, पुढच्या वर्षी पत्ता विचारणे.’ ‘मुलगी माहेरी आली आहे, विचारू नये.’ लोक मसाल्याबरोबर घरातलं बोलतात आणि आम्ही ते जपून लिहून ठेवतो, कारण पुढच्या फोनला चुकीचा प्रश्न जाऊ नये. अण्णांनी वर्षानुवर्षं असाच धंदा केला. पण अण्णांची वही वाचायला दुकानात यावं लागायचं. माझ्या शीटवर सेटिंग होतं: लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल. २०२२ मध्ये काम सोडून गेलेल्या पॅकिंगच्या मुलाकडे ती लिंक होती. कुरिअरवाल्या तिघांकडे होती. त्यांना फक्त पत्ता हवा होता, आणि मी त्यांना अल्सर, बाळंतपण, मोडलेला संसार असं सगळं देऊन ठेवलं होतं. आईची शुगर कोणाच्या तरी अशाच शीटमधून बाहेर गेली असेल.

लिंक त्याच रात्री बंद केली. कुरिअरसाठी नाव, पत्ता, फोन एवढीच वेगळी यादी केली. पाच वर्षांत ज्यांनी काही घेतलं नाही, त्यांची नोंद काढली, जीएसटीसाठी बिलं ठेवावी लागतात तेवढी ठेवली. मध्यंतरी एक मार्केटिंगवाला या यादीचे पंधरा हजार द्यायला तयार होता. तेव्हा नाही म्हटलं होतं ते केवळ अण्णा समोर बसले होते म्हणून. आज त्याला दारातूनच परत पाठवेन.

छोट्या धंद्यांना यातून सूट मिळावी असं आमच्या बाजारात बरेच जण म्हणतात. सरकारला तशी सूट देता येते, आणि कागदपत्रांचा भार हलका व्हावा असं मलाही वाटतं. दुकान सोडून फॉर्म भरत बसायला आमच्याकडे माणूस नाही. पण कुलूप लावण्यातून सूट कशाला हवी? कायद्यात माहिती सांभाळणाऱ्याला जो इंग्रजी शब्द वापरलाय, त्याचा अर्थ विश्वस्त. देवळाच्या ट्रस्टींकडून आपण हिशेब मागतोच की.

आधीपासून असलेल्या माहितीबद्दलही लोकांना कळवावं लागतं. मी मराठीत साधा मेसेज लिहिला, आईला वाचून दाखवला, तिला अडला तो प्रत्येक शब्द बदलला. आमच्याकडे तुमचं नाव, पत्ता, फोन, मसाल्याचं प्रमाण आणि काही नोंदी आहेत. त्या बघायच्या, दुरुस्त करायच्या किंवा काढून टाकायच्या असतील तर या नंबरवर सांगा. सगळ्यांना पाठवला. बहुतेकांनी नुसते हात जोडलेले पाठवले. काहींनी नवे पत्ते दिले. एकीने लिहिलं, ‘ह्यांचं नाव काढून माझं घाला, ते जाऊन दोन वर्षं झाली.’ दोन वर्षं आम्ही त्या घरी दिवाळीचा मेसेज त्यांच्या नावाने पाठवत होतो.

परवा दुपारी डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला. परळच्या चाळीत राहायच्या तेव्हापासूनच्या.

‘नोंदी म्हणजे काय गं? माझ्या नावापुढे काय लिहिलंयस?’

मी शीट उघडली. वाचावं की नाही, क्षणभर कळेना. मग वाचलं. ‘मुलगी माहेरी आली आहे, विचारू नये.’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग गॅस बंद केल्याचा आवाज.

‘अण्णांनी लिहिलं होतं का?’

‘हो काकू. मी कॉम्प्युटरवर उतरवलं.’

‘तरीच त्यांनी कधी विचारलं नाही.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘ते काढ आता. तिचं सगळं छान चाललंय.’

‘काढलं, काकू.’

‘बरं. मग लिहून घे, संकेश्वरी या वर्षी पाव किलो जास्त.’