पद्मिनीचं काम: ब्रेक घरी केले, किंगपिन मिस्त्रीकडे दिले

मंडळी, गेल्या तीन रविवारचं अपडेट. गाडी तीच, बाबांची ८६ची प्रीमियर पद्मिनी. मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं आणि पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं की खडखड, म्हणजे प्ले (सैलपणा). आधी वाटलं बेअरिंग असेल, म्हणून बायकोला ब्रेक दाबून धरायला सांगितलं (ब्रेक दाबला की बेअरिंगचा प्ले जातो), तरी प्ले तेवढाच, म्हणजे किंगपिनच, ज्या उभ्या पिनवर पुढचं चाक वळतं त्या, गेल्यात.

सगळे म्हणाले ब्रेकला हात लावू नकोस, गॅरेजला दे. पण माझ्या गाडीला चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन आहे, कुठेही एका ठिकाणी गळलं की पेडल थेट तळाला, त्यामुळे प्रत्येक जॉइंट मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. आणि दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने व्हील सिलिंडरचे (चाकातला, ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा भाग) रबर पेट्रोलने धुतले होते, ते फुगले आणि ब्रेक चिकटून ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) तापायला लागला, ते मी विसरलेलो नाही. रबर फक्त ब्रेक ऑइलनेच धुवायचे, पेट्रोल डिझेल ग्रीस काहीही लागू द्यायचं नाही, आणि तेच ऑइल बॉडीवर सांडलं तर रंग उचलतं म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवायची. सिलिंडर आतून गुळगुळीत निघाला, नुसत्या रबर किटवर भागलं. लाइनमधली एअर काढायला मात्र अख्खी दुपार गेली, पेडल दाब, निपल (चाकामागचा एअर सोडायचा छोटा स्क्रू) उघड, बंद कर, मग सोड, असं चारही चाकांना. आता पेडल टणक आहे. आठवडाभर रोज सकाळी ड्रमखाली कागद ठेवून बघतोय, कोरडा आहे.

किंगपिनचा मोह मात्र आवरला. जुने बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) दाबून काढायला प्रेस हवा, नवे बसवल्यावर रीमर (भोक आतून तासून मापात आणायचं हत्यार) मारायला हात तयार हवा, आणि पुढची स्प्रिंग दाबलेली असते, ती निसटली तर माणूस जायबंदी होईल. म्हणून गाडी टो करून कुर्ल्याला नेली, जिथे ती बनली तिथेच, आयुष्यभर काळी-पिवळी टॅक्सी दुरुस्त केलेल्या एका मिस्त्रींकडे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हापासून त्यांच्याकडे हे काम क्वचितच येतं. मला खरंच वाईट वाटतं, कारण हे हात गेले की आपल्या गाड्यांचं काय.

मी दिवसभर तिथेच बसलो, त्यांची हरकत नव्हती. दोन-दोन फेरे रीमर फिरवायचा, पुसायचा, पिन घालून बघायची, परत. शेवटी पिन माझ्या हातात दिली, म्हणाले अंगठ्याने ढकला. तेलावर सरळ आत गेली आणि हलवली तर जराही प्ले नाही.

डावी बाजू झाली, उजवी शनिवारी. मग चाकांचं अलाइनमेंट, आणि टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) घरीच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून करणार आहे.