एकाच पोत्यातले खत, तीन तऱ्हांच्या जमिनी

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या तांबड्या मातीत, अथणी-रायबागच्या काळ्या रानात आणि कारवारकडच्या खाडीकाठच्या खाजणात (खाऱ्या पाण्यालगतच्या सखल जमिनीत) पडणारा युरिया एकच असतो आणि त्यातले ४६ टक्के नत्रही (नायट्रोजन) तेच असते. जमिनीत उतरल्यावर त्याचे काय होते, ते मात्र तिन्हीकडे वेगळे. आमच्या सीमाभागात खताची चर्चा बहुधा "एकरी किती पोती?" इथेच सुरू होते आणि इथेच संपते. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधी जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे ती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते) आणि तिच्यातले क्षार पाहायला हवेत.

युरियाचा दाणा ओल्या मातीत विरघळला की युरिएज या विकरामुळे त्याचे अमोनियम कार्बोनेट होते, दाण्याभोवतीचा सामू तेवढ्यापुरता चढतो आणि खत मातीआड गेले नसेल तर नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. खत विस्कटलेल्या रानात नाकाला झोंबणारा वास येतो, तो या नुकसानीचाच. पुढचा टप्पा याच्या उलट आहे. उरलेल्या अमोनियमचे जिवाणू नायट्रेट करतात, त्या क्रियेत आम्लता सुटते आणि पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाबरोबर खाली जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियमही घेऊन जाते. ढोबळ हिशेबाने युरियातल्या १ किलो नत्राची आम्लता मोडायला सुमारे १.८ किलो चुनखडी लागते, म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्यामागे ३७ किलो. अथणीकडच्या मातीत चुनखडी मुळातच असल्याने ही आम्लता तिथे जिरून जाते, पण धो-धो पावसाने आधीच धुतल्या गेलेल्या खानापूरच्या जांभ्या मातीला ती वर्षानुवर्षे सोसावी लागते आणि तरीही तिथे चुना टाकणारे शेतकरी थोडेच आढळतात.

स्फुरदाचे (फॉस्फरसचे) गणित थोडक्यात सांगता येईल: तांबड्या मातीत ते लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसते, काळ्या मातीत कॅल्शियमला. म्हणूनच रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) आम्ल जमिनीत हळूहळू लागू पडते, पण चुनखडीच्या जमिनीत ते जवळजवळ तसेच पडून राहते.

कारवारला काळी नदीच्या मुखाजवळ माझ्या मावसभावाची भातशेती आहे. त्याची माळावरची जमीन आमच्या खानापूरच्या मातीची सख्खी बहीणच म्हणावी, इतकी जांभी आणि आम्ल. खाडीलगतचा तुकडा मात्र निराळा. उन्हाळ्यात भरतीचे पाणी आत झिरपते, मातीच्या कणांवरची कॅल्शियमची जागा सोडियम बळकावतो आणि मे महिन्यात ढेकळांच्या कडांवर मिठाची पांढरी पापडी धरते. खत हेही रासायनिक अर्थाने मीठच असल्यामुळे अशा मातीत आरंभीच मोठा हप्ता दिला, तर मुळांभोवतीच्या पाण्यातले क्षार आणखी वाढतात आणि रोपाला ओल असूनही पाणी ओढता येत नाही. शिवाय खारेपणामुळे अमोनियमचे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, त्यामुळे नत्र अमोनियाच्या रूपात अधिक काळ राहते आणि हवेत अधिक उडते. पालाशाची (पोटॅशियमची) गरज इथे खरी असते, कारण सोडियम मुळांपाशी त्याच्याशी स्पर्धा करतो. पण आपण पोटॅश म्हणून जे टाकतो त्या म्युरिएटमध्ये (पोटॅशियम क्लोराइडमध्ये) निम्म्याच्या जवळपास क्लोराइड असते. (निपाणीच्या तंबाखूवाल्यांना हे वेगळे सांगायला नको, क्लोराइडने पान नीट जळत नाही, म्हणून ते सल्फेट ऑफ पोटॅश मागतात.)

खाजणाचे आणखी एक दुखणे गाळात दडलेले असते. जिथे या गाळात लोह-गंधकाची संयुगे आहेत, तिथे जमीन कोरडी पडून हवा लागली की गंधकाम्ल तयार होते आणि खारी जमीन आम्लही होते. पाणी उभे राहिले की सामू पुन्हा उदासीनतेकडे सरकतो आणि विरघळलेले लोह वर येऊन पाण्यावर तांबूस तवंग धरतो. काडीने हलवला तर तो तुकड्यांत फुटतो, तेलाचा तवंग मात्र पुन्हा सांधतो. कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या खाडीकाठी शेतकरी कग्गा हे खारे पाणी सोसणारे भात रासायनिक खताशिवाय घेत आले, त्यामागे या मातीची ही जाण असावी, असे मला वाटते.

किनाऱ्याच्या पथ्यावर पडणारी एक मोठी गोष्ट आहे: सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. तो दरवर्षी वरचे मीठ धुऊन काढतो. अथणी-रायबागला ही सोय नाही. तिथे कालव्याच्या पाण्याबरोबर आलेले क्षार, उसाला दिलेल्या खतांचे अवशेष आणि तुंबलेला निचरा यांनी चोपण (सोडियम साचून घट्ट झालेल्या) जमिनी तयार होतात आणि चर न काढता नुसते जिप्सम टाकले तर त्यातल्या कॅल्शियममुळे सुटलेला सोडियम जागच्या जागीच राहतो.

मावसभावाला मी एवढेच सुचवले आहे की पहिल्या जोरदार पावसांनी खाजण धुऊन निघेपर्यंत युरियाला हात लावू नये, नंतरही तो दोन-तीन हप्त्यांत द्यावा आणि मातीचा नमुना दोनदा काढावा, एकदा मेअखेर आणि एकदा भात कापल्यावर. मृदा आरोग्य पत्रिकेत विद्युत वाहकतेचा, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारा, रकाना असतोच. मातीच्या संपृक्त अर्कात ही वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात (पत्रिकेतला आकडा सहसा जास्त पाणी घातलेल्या मिश्रणातला, म्हणून त्याहून कमी असतो), आणि खाजणातल्या एकाच वाफ्यात मे आणि नोव्हेंबरचे आकडे इतके वेगळे निघू शकतात की एका नमुन्यावरून ठरवलेली खताची मात्रा दुसऱ्या हंगामाला लागू पडत नाही.